॥ श्री ॥ आणि यादीतली रिकामी ओळ

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या धान आणि वनोपज खरेदी संस्थेची सगळी केंद्रे एकाच क्षणी बंद पडली. कुरखेडा, चामोर्शी, मूल. वीज होती. इंटरनेटही होते, हे विशेष.

चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयात एकच मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात प्रत्येक केंद्रासाठी एकेक आभासी संगणक. ते तयार करायचे आणि चालू-बंद करायचे सॉफ्टवेअर नागपूरच्या एका कंपनीने बनवले होते. ते अत्यंत सभ्य होते. कुणाला, कशाला नाही म्हणत नसे. त्याची देखभाल माझ्याकडे होती.

त्या दिवशी आमच्या कंत्राटी ऑपरेटर बाईंनी सर्व्हरला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि एका नव्या केंद्राचा संगणक तयार करायला घेतला. नावाच्या रकान्यात आधी ॥ श्री ॥, मग गावाचे नाव. सॉफ्टवेअरने ते घेतले, हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असे कळवले आणि ॥ हे चिन्ह न समजल्याने अख्खे नावच गाळून यादीत एक रिकामी ओळ दाखवली. काहीतरी चुकले असे वाटून बाईंनी ती ओळ निवडून 'बंद करा' दाबले. नाव रिकामे, म्हणजे सगळे, असा अर्थ सॉफ्टवेअरने काढला आणि सगळे बंद केले. पडद्यावर पुन्हा 'यशस्वी'.

बाईंचे कंत्राट त्याच महिन्यात संपत होते. मुदतवाढीची फाइल व्यवस्थापकांच्या टेबलावर होती. तिच्यावर आता पेन्सिलीने 'निष्काळजीपणा' असे लिहिलेले होते.

केंद्रे पुन्हा सुरू झाल्यावर चौकशीला कंपनीचा इंजिनिअर आला. सॉफ्टवेअरने सांगितले तेच केले, चूक वापरणाऱ्याची, असे त्याचे म्हणणे पडले. व्यवस्थापकांनी बाईंना विचारले, तिथे श्री लिहायची गरज काय होती?

"साहेब, नवं काम होतं. श्री लिहिल्याबिगर सुरू करते का कोणी? तुमच्या गाडीच्या काचेवरबी हाय."

गाडीची गोष्ट वेगळी, असे साहेब म्हणाले.

"मंग चालत नव्हतं त् त्यानं घेतलं काऊन? तवाच नाई म्हणाचं होतं."

ही सूचना पुढच्या आवृत्तीसाठी विचाराधीन असल्याचे इंजिनिअरने सांगितले.

श्रीचा इथे काही संबंध नाही, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा सोडली तरी हेच होईल, असे मी म्हणालो. चाचणीसाठी ठेवलेल्या छोट्या सर्व्हरवर दाखवतो, असेही म्हणालो. व्यवस्थापकांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला, स्वतःच्या पासवर्डने आत गेले, रिकामी ओळ तयार केली आणि 'बंद करा' दाबले. हा चाचणीचा सर्व्हर नाही, असे मी त्यांना सांगितले. ते थोडे आधी सांगायला हवे होते, असे मला नंतर सांगण्यात आले.

पडद्यावर 'यशस्वी' आले. पाठोपाठ कुरखेड्याचा फोन आला. मग मूलचा.

सर्व्हरवरच्या नोंदींत आता एकाच प्रकारच्या दोन नोंदी होत्या. एक बाईंच्या नावावर, दुसरी व्यवस्थापकांच्या.

काही आठवड्यांनी कंपनीने सॉफ्टवेअर सुधारले. रिकामे नाव आता घेतले जात नाही. सगळे संगणक बंद करण्याआधी वेगळे विचारले जाते. जे बिघडले त्याला 'यशस्वी' म्हटले जात नाही. कंपनीच्या परिपत्रकात याला 'ग्राहकांच्या सोयीसाठी नवी सुविधा' म्हटले आहे.

नव्या केंद्राचा संगणक बाईंनीच तयार केला. पुन्हा श्री लिहिली. लाल अक्षरे आली: 'नावात ॥ हे चिन्ह चालत नाही. संगणक तयार झालेला नाही.' बाईंनी ते पुसले, कीबोर्डला कुंकवाचे बोट लावले आणि नुसते गावाचे नाव लिहिले. केंद्र सुरू झाले.

बाईंच्या मुदतवाढीच्या आदेशावर व्यवस्थापकांची सही आहे. तारीख चौकशीच्याच दिवसाची आहे.