गाडीवानाची लेक

चैत्रातला रविवार, सकाळी दहा. मारुतीच्या देवळात यात्रा कमिटीची बैठक. हजर: अध्यक्ष, पुजारी, पोवाडा म्हणणारे गुरुजी आणि वही घेऊन मी. शिवाय पायरीवर आक्का. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं. गुरुजींनी सूर धरला की त्या पायरीवर तळहात आपटायच्या.

"थांब रं. गाडीवान कुठं गेला?"

"आक्का, गाण्यात न्हाय तो," अध्यक्ष म्हणाले.

"गाण्यात न्हाय. गाडीवर हुता."

सगळे हसले. मीही हसले.

कोगनोळीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, एका वाटमाऱ्याचा कट्टा आहे. त्याला सगळे घाटातला आप्पा म्हणतात. सावकारांना लुटायचा, गरिबाला हात लावायचा नाही, अशी त्याची ख्याती. आजही ट्रकवाले तिथं नारळ फोडून पुढं जातात. यात्रेत त्याचाच पोवाडा गातात. शेवटी आप्पा एका विधवेच्या दारात जोंधळ्याचं पोतं ठेवतो आणि तोंड न दाखवता निघून जातो. इथं बायका डोळ्यांना पदर लावतात. मेलेली माणसं गाण्यात किती लवकर चांगली होतात, हे तुम्हीही आपापल्या गावात पाहिलं असेल.

आक्कांनी ऐंशी ओलांडली होती. घरी बसून विड्या वळायच्या. पानाचा एक तुकडा वाया जायचा नाही. मी कमिटीची वही लिहिते म्हणून माझ्यावर त्यांचा जीव. "तू लिव्हतीस ते ऱ्हातंय गं," म्हणायच्या.

त्या बैठकीत कट्ट्याला नवा दगड बसवायचं ठरलं. नंतर मी आक्कांच्या घरी गेले आणि सरळ विचारलं, हा गाडीवान कोण?

"माझा बा," त्या म्हणाल्या. मांडीवरच्या सुपातून मान वर केली नाही. "सावकाराला घिऊन निपाणीहून येत हुता. आप्पानं गाडी अडवली. सावकार उडी टाकून पळाला. बा न्हाय पळाला. बैलं आमची हुती न्हवं. कासरा सोडंना म्हणून कुऱ्हाड घातली. बैलं रिकामी गाडी घिऊन आपली आपण घरी आली."

मला पोवाड्यातली विधवा आठवली. "म्हणजे ते पोतं..."

"आमच्याच दारात. आई विधवा कशानं झाली, ते तुमचा गुरुजी गात न्हाय."

"घेतलंत?"

"खाल्लं गं. भुकेली पोरं आम्ही. लई गोड लागलं, त्येच अजून खुपतंय." दोरा दातानं तोडून त्या म्हणाल्या, "खाल्लं म्हणून गप बसायचं व्हय? कट्टा पाडा म्हणत न्हाय मी. त्या दगडावर माझ्या बाचं बी नाव घाला."

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. अध्यक्ष वैतागले. "मग लोकांनी नारळ कुणाला फोडायचा?" गुरुजींनी हातातले टाळ खाली ठेवले. मग म्हणाले, "खालची एक ओळ गाडीवानासाठी सोडा." मंजूर झालं. मी वहीत लिहिलं, 'गाडीवानाचं नाव, एक ओळ,' आणि खाली रेघ मारली.

त्याच आठवड्यात आक्का गेल्या.

दगड घडवणाऱ्याकडे मजकूर द्यायला बसले, तेव्हा लक्षात आलं. नाव विचारलंच नव्हतं. आम्ही गाडीवान म्हणत होतो, त्या बा म्हणत होत्या. आक्कांच्या आधारकार्डावर नवऱ्याचं नाव. भावंडं कधीच गेलेली. आक्कांचा मुलगा म्हणाला, "आम्ही गाडीवान आज्जाच म्हणायचो, मॅडम."

जुने सरकारी कागद मिळवले. त्यात आप्पाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वय, डाव्या गालावरचा व्रण, सगळं आहे. मेलेल्याविषयी दोनच शब्द: 'एक गाडीवान.'

परवा दगडवाल्याचा पुन्हा फोन आला. "मॅडम, वरचं सगळं कोरून झालंय. खाली काय घालू?"

आक्कांच्या माहेरच्या भावकीतलं कुणी म्हातारं माणूस उरलंय का, हे विचारायला अजून दोन गावं राहिली आहेत. मी त्याला थांबायला सांगितलं आहे.