अक्कांनी न ओढलेलं इंजिन

कुठलीही वस्तू दुकानाबाहेर पडण्याआधी अक्का ती दोन्ही हातांनी ओढून पाहायच्या. विहिरीवरच्या पंपाची मोटार असो, तिला जोडलेली वायर असो, नाहीतर गिऱ्हाइकानं सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं गाठोडं असो. पदर कमरेला खोचायच्या, पाय रोवायच्या आणि हिसका द्यायच्या. सुटलं की म्हणायच्या, "देख, आठेच सुटनं. वावरमा सुटतं तर?" नाही सुटलं तर काहीच म्हणायच्या नाहीत. नुसती मान हलायची, की समजायचं माल पास झाला.

मला त्यांनी कामावर ठेवलं तेही असंच. धुळ्याकडच्या नरडाण्यात उतरलो होतो तो एमआयडीसीत काम मिळेल म्हणून. मिळालं नाही. दोन दिवस फिरून शेवटी त्यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानासमोर उभा राहिलो. नववीत शाळा सोडलेली, हातात कला काही नाही, आणि घर राहिलं कोकणात. माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी माझ्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा धरून ओढला. तो तुटून त्यांच्या हातात आला.

"हाई बॅग लिसन तू इतला दूर उना?" त्या म्हणाल्या. मग तांब्याच्या तारेनं तो पट्टा शिवून दिला आणि विचारलं, "जेवना का?"

मी नाही म्हणालो. ते खरं होतं, म्हणूनच सांगायची लाज वाटली. त्या दिवसापासून मी तिथंच आहे.

अक्का कोण, तर दुकानाच्या मालकीण. यजमान गेल्यावर दुकान विकतील असं लोकांना वाटलं होतं. त्यांनी विकलं नाही, उलट स्वतः तार गुंडाळायला बसल्या. आजूबाजूच्या गावांत एकच बोललं जायचं, अक्काच्या दुकानातून गेलेली वस्तू सुटत नाही. दुकानाला पाटी नव्हती. हेच बोलणं पाटीच्या जागी होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझं गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलं तरी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांना इस्त्री करतात. मला पोहता येत नाही. होडीत बसलो की पोटात ढवळतं. हे मी दुकानात आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं. पण धुळ्या-जळगावकडच्या माणसाला समुद्राकडून आलेला माणूस पोहत नाही हे पटतच नाही. दुकानात मला सगळे 'समुद्रवाला' म्हणत.

तापीकाठच्या एका गावात पैलतीरावरच्या शेतांत मजुरीला जाणाऱ्या बायका नावेनं जायच्या. पुलावरून जायचं तर फार मोठा वळसा. नाव वल्हवणारे नाना आता थकले होते. म्हणून गावानं वर्गणी काढून नावेसाठी पेट्रोलचं इंजिन आणलं, मागच्या फळीला अडकवायचं, खाली पंखा असलेलं. ते बसवायला नाना अक्कांकडे आले.

"अक्का, पानीनं इंजिन शे. तुन्हाकडे समुद्रवाला शे ना?"

"नाना, मी असलं इंजिन कधी हातात धरलेलं नाही," मी म्हणालो.

"लाजस का रे? लाजू नको."

"खरंच येत नाही, नाना. मला पोहतासुद्धा येत नाही."

नाना पोट धरून हसले. अक्का हसल्या नाहीत. नाना गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुन्हा गावमा कोनले येस हाई?" आमच्या गावचा एक तांडेल होता, मोठ्या होडीवर मुख्य असलेला. त्याला फोन लावला. अक्कांनी स्पीकर चालू करायला लावला. तांडेल म्हणाला, इंजिन फळीच्या मधोमध बसव. दोन्ही क्लॅम्प हातानं घट्ट आवळ. फळीला आरपार भोकं पाडून बोल्ट टाक, नुसत्या क्लॅम्पवर विश्वास ठेवू नको. एक मजबूत दोर इंजिनातून नावेच्या कडीला बांध, म्हणजे सुटलं तरी बुडणार नाही. चालवणाऱ्यानं इंजिनाची लाल दोरी मनगटात अडकवायची, ती निसटली की इंजिन बंद. आणि थोडं चालवून परत सगळं आवळून बघ.

अक्कांनी मला ते सगळं परत म्हणून दाखवायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "बाकी बठ्ठं ठीक. मी वढी देखसू."

ठरल्या दिवशी काठावर अर्धं गाव जमलं होतं. मी ड्रिल काढलं तर नाना आडवेच आले.

"नावले भोक पाडस का कोनी?"

"नाना, बोल्टसाठी."

"बुडावानी शे का? नवं इंजिन, आज पहिली फेरी, आन आजच भोक?"

हसू नका, त्यांची नाव होती. मी अक्कांकडे पाहिलं. अक्का नानांना दुखवत नसत. त्यांनी तोड काढली, आज क्लॅम्प आणि दोर, पहिली फेरी झाली की भोकं. नाना खूश झाले.

मग पूजा. तुम्ही आमच्या बाजारात नवा ट्रॅक्टर आलेला पाहिला असेल, तसंच. अक्कांनीच पूजा केली. देवाला बसवायची जागा आधी सारवतात, तशी त्यांनी मागची फळी स्वच्छ पुसली आणि तिच्यावर तेलात कालवलेला शेंदूर बोटांनी फासला, मधोमध, दोन्ही अंगांना. त्यावर इंजिन ठेवलं. मी क्लॅम्प आवळले. दोर अक्कांनी स्वतः कडीला बांधला. हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ.

सगळं झाल्यावर अक्कांनी पदर खोचला आणि दोन्ही हात इंजिनाकडे नेले. मी वाट पाहत होतो त्या हिसक्याची. पण हात वाटेतच थांबले. समोर कुंकू लावलेलं, हार घातलेलं इंजिन होतं. पूजलेल्याला कसं ओढायचं? ते हात तसेच जवळ आले आणि जुळले. सगळ्या काठानं हात जोडले. मीही जोडले.

नावेत पाच बायका बसल्या. अक्का बसल्या, नाना बसले. लाल दोरी मनगटात अडकवून मी दांडा धरला. इंजिन चालू झालं आणि काठावर शिट्ट्या वाजल्या. तापीचं पाणी मागं पांढरं होऊन उसळायला लागलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अक्कांना मी एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

मधल्या धारेत वळण घेतलं आणि हातातला दांडा अंगावर आला. शेंदराच्या तेलावर क्लॅम्प सरकत होता. एक बाजू फळीवरून वर उचलली गेली, मग दुसरी. लाल दोरी ताणून निसटली, इंजिन बंद पडलं आणि धप्पकन पाण्यात गेलं. दोराला असा हिसका बसला की नाव एका अंगाला कलली. बायका किंचाळत एकमेकींवर घसरल्या. एका म्हातारीच्या मांडीवरचं भाकरीचं फडकं पाण्यात पडलं आणि वाहत गेलं. ती स्वतः नावेच्या काठाला अर्धी लोंबकळली होती, अक्कांनी तिचं लुगडं मुठीत धरून आत ओढलं.

नानांनी वल्ह्यानं नाव परत आणली. दोराला बांधलेलं इंजिन मागून ओढत आलं, हारासकट.

 काठावर मागून एकजण ओरडला, "काय रे समुद्रवाला, समुद्रमा असंच बांधतस का?" लोक हसले. मग हसणं थांबलं आणि राग सुरू झाला. बायका बुडाल्या असत्या, ते म्हणाले. ते खरंच होतं.

अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता. "त्याले काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "शेंदूर मी लावा. मी वढी देखं नही. काम मन्हं व्हतं."

ज्या बाईची वस्तू सुटत नाही, तिनं हे सगळ्या गावासमोर सांगितलं. लोकांच्या नजरा माझ्यावरून उठून त्यांच्यावर गेल्या आणि मला हलकं वाटलं. आजही रात्री जाग आली की ते हलकं वाटणं आठवतं आणि कान गरम होतात.

घरी आल्यावर त्यांनी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. स्वतः ताटाशी बसल्या नाहीत. "जेवी ले," एवढंच म्हणाल्या. मी जेवलो. भूक लागली होती.

इंजिन आम्ही खोलून धुतलं, सुकवलं, परत चालू केलं. फळी रॉकेलनं पुसून कोरडी केली. यावेळी ड्रिल नानांनीच माझ्या हातात दिलं आणि भोक पाडताना डोळे मिटून घेतले. रबराचा तुकडा, मोठे वायसर, आरपार बोल्ट, भोकांत मेण. हे सगळं मी एकट्यानं केलं, कारण अक्का आल्या नाहीत. नाना त्यांना बोलवायला आले, गावचे लोक आले. त्या म्हणायच्या, "तू जाय. माले नही येनं." त्या नदीवर पुन्हा कधीच गेल्या नाहीत.

गाव विसरलं. लोक पंप आणत राहिले. पण अक्का आता एकदा ओढून थांबत नसत. दोनदा ओढायच्या, गिऱ्हाईक उंबऱ्यापर्यंत गेलं की परत बोलवायच्या आणि तिसऱ्यांदा ओढायच्या. लोक चेष्टा करायचे, "अक्का, मोटार उखडी टाकशी का?" त्या हसायच्या. हात मात्र सोडायच्या नाहीत.

ती म्हातारी दर बाजाराच्या दिवशी दुकानात यायची. दारातूनच ओरडायची, "अक्का, मन्ही भाकर मासास्नी खादी! दे दुसरी." तिची ती गंमत होती, मनात काही नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी सकाळी अक्का एक भाकरी जास्त थापायच्या आणि फडक्यात बांधून ठेवायच्या. म्हातारी लाजून म्हणायची, "अक्का, मी तं हसस." अक्का भाकरी पुढे करायच्या. असं किती वर्षं चाललं, ते मला सांगता येणार नाही.

नंतर अक्कांची नजर गेली, गुडघे गेले, आणि लेकीनं त्यांना दीपनगरला नेलं. जावई तिथल्या वीज केंद्रात आहे. दुकान माझ्या हाती ठेवून गेल्या. पुढच्या बाजाराला म्हातारी आली, दुकानात अक्का नाहीत हे पाहून दारातूनच परत गेली. त्याच्या पुढच्या बाजाराला आली ती फडक्यात भाकरी बांधून. म्हणाली, "अक्काले दे. आते मन्ही पाळी."

मी गाडीनं भुसावळला आणि तिथून दीपनगरला गेलो. अक्का कॉटवर पडल्या होत्या. आवाजावरून मला ओळखलं. फडकं हातात दिल्यावर चाचपलं आणि म्हातारीनं मारलेली गाठ ओढून पाहिली. दोनदा. मग छातीवर तसंच ठेवलं, सोडलं नाही.

मी दुकानाचं सांगितलं, आता नाव चालवणाऱ्या नानांच्या नातवाचं सांगितलं. मग नदीचं निघालं. नदीचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या, हे मला माहीत होतं, तरी सांगितलं. म्हणालो, "अक्का, आता बायका नावेत चढताना मागं जातात. इंजिनाला नमस्कार करतात. आणि ओढूनही पाहतात. एकेक जण."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, झोपल्या. मग तोंड तसंच ठेवून विचारलं,

"आधी वढतस, का आधी पाया पडतस?"

"आधी ओढतात, अक्का. मग पाया पडतात."

"बठ्ठ्या?"

"सगळ्या. ती म्हातारीसुद्धा."

"मंग ठीक शे," त्या म्हणाल्या. त्यांनी छातीवरच्या फडक्याची गाठ सोडायला घेतली. ती पक्की होती, पण मला हात लावू दिला नाही. गाठ सुटली तेव्हा भाकरीचा एक तुकडा मोडून त्यांनी आधी माझ्याकडे धरला.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कॉट भिंतीला उभी लावलेली होती.