मानाच्या जोडीची वाट

राळेगावपासून दोनेक कोसांवरच्या एका गावात मी मास्तर होतो. बाहेरगावचा, त्यातून पुस्तकं वाचणारा. त्यामुळे गावातल्या कुठल्याही समारंभात मला खुर्ची मिळे आणि माझं मत कोणी विचारत नसे. दोन्ही बाजूंना ते सोयीचं होतं.

छप्पनच्या धर्मांतरानंतरचा पहिला पोळा. मारुतीच्या देवळापुढे रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलं होतं. अलीकडे गावातले सगळे बैल रांगेत उभे होते, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. पाटलाची मानाची जोडी आधी तोरणाखालून जाणार, मग पोळा फुटणार आणि बाकीचे बैल आपापल्या घरी जाणार, अशी रीत. तोवर रांगेतला बैल हलवायचा नाही. शिवाय त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही.

ऊन उतरायला लागलं तरी पाटलाची जोडी येईना. बैल कंटाळून शेजारच्याच्या झुली चघळू लागले.

"पाटील काहून नाई आले गा अजून?"

"बैलाले पावडर लावून राह्यले असन."

लोक हसले, पण हळूच.

माझा शेजारी रांगेत पुढेच होता. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सकाळपासून अडली होती. त्याची बायको पळत आली.

"दाई म्हनते, तिच्या हातचं काम नाई. राळेगावले न्या लागते. बैल आना, बंडी जुपू."

"पाटलाची जोडी येऊ दे."

"अन् पोरीचं काय?"

"येतच असन आता."

मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, "अहो, जा ना. मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"बराबर हाय गुरुजी," तो म्हणाला. आणि जागचा हलला नाही. मग त्यानं आजूबाजूला विचारलं, "काय करू गा?" ज्याला विचारलं त्यानं शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्यानं बैलाकडे. एक म्हातारा म्हणाला, "आपल्याच्यानं काय सांगता येते, बाप्पा." कोणी जा म्हणेना आणि कोणी नको म्हणेना. नको म्हणणारा एक जरी भेटला असता तरी त्याच्याशी भांडता आलं असतं. मी तोच माणूस शोधत होतो आणि तो रांगेत नव्हता.

"मंग ऱ्हा उभे," बाई म्हणाली. नवऱ्याच्या हातातला कासरा तिनं ओढून घेतला आणि बैल बाहेर काढले. घराकडे जायला तोरणाखालूनच वाट होती. एका बैलाचं शिंग अडकलं, तोरण तुटून लोंबलं, आणि ती गेली.

मला वाटलं, फुटला पोळा. आता सगळे निघतील. कोणीही निघालं नाही. दोघे जण पुढे झाले आणि त्यांनी तोरण पुन्हा बांधलं.

"बाई होती," एकानं मला समजावलं. "ते धरत नाईत."

पण खरं चकित केलं ते माझ्या शेजाऱ्यानं. तो अजून त्याच जागी उभा होता. बैल नव्हते, कासरा नव्हता. मागच्या माणसानंही बैल पुढे सरकवले नाहीत. दोन बैलांएवढी मोकळी जागा रांगेत तशीच राहिली आणि तिच्या तोंडाशी हा.

पाटील कुठे होते, ते मला पुढे त्यांनीच सांगितलं. दुपारपासून फेटा बांधून ते ओसरीवर बसले होते. दरवर्षी दफडं वाजवत त्यांना दारातून आणायला लोक जात. त्या वाजवणाऱ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता आणि यापुढे वाजवणार नाही असं स्वच्छ सांगितलं होतं. गावाला ते माहीत होतं, पाटलांनाही. तरी दफडं आल्याशिवाय निघायचं कसं हे त्यांना कळेना, आणि त्यांच्याशिवाय सुरू कसं करायचं हे गावाला. एकट्या त्या वस्तीतल्या लोकांना त्या दिवशी काही कोडं पडलं नव्हतं. मुलीची बंडी हाकायला बसला तोही त्यांच्यातलाच.

दिवस मावळताना पाटील मुकाट्यानं आले. त्यांची जोडी तोरणाखालून गेली. मग रांग हलली, आणि माझा शेजारी आपली पाळी आली तसा रिकाम्या हातांनी तोरणाखालून गेला. पलीकडे पोचताच मात्र तो राळेगावच्या रस्त्यानं पळत सुटला. मी कंदील घेऊन मागे.

दम लागल्यावर तो चालू लागला. मी विचारलं, "बैल तर गेले होते. मग उभे काहून राहिलात?"

"मले समजूनच नाई राह्यलं गुरुजी. कोनी धरलं नवतं मले." थोडं चालून म्हणाला, "पाय म्हने, थांब."

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही.

"पोरगी वाचली. नात झाली," ती म्हणाली. तो मटकन खाली बसला आणि रडला. तिनं रडू दिलं. मग विचारलं, "झाला पोया?"

"झाला."

"पयले कोनाची जोडी गेली?"

अंगणात तिनं आणलेले बैल बांधलेले होते. एकाच्या शिंगाला आंब्याचं पान अजून चिकटलेलं. त्यानं तिकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"पाटलाची," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, एवढं मला कंदिलाच्या उजेडात दिसलं. मग तो काय करत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.