भाड्याच्या माऊसची खंडेनवमी

पिंपळे गुरवच्या कोंडाजीने सोळा वर्षं चाकणच्या एका कारखान्याचे माऊस आणि कीबोर्ड दुरुस्त केले. दोनशे रुपयांचा माऊस कोण दुरुस्त करतं, म्हणून लोक हसायचे. हसोत बापडे! कोंडाजी बटणाखालचा इवलासा स्विच बदलून द्यायचा, आणि तोच माऊस आणखी तीन वर्षं बिनतक्रार चालायचा. डिस्पॅचच्या ऑफिसात गेला की त्याच्यासाठी चहा यायचा, खुर्ची सरकवली जायची. काय मान होता त्या दिवसांत!

दोन वर्षांपूर्वी कारखान्याने सगळं एका बाहेरच्या कंपनीकडून महिन्याच्या भाड्यावर घेतलं. बिघडलं तर परत पाठवा, नवं येईल. वस्तूवरचं कंपनीचं सील मात्र तोडायचं नाही. कोंडाजीला बोलावणं बंद झालं. त्याचं दुरुस्तीचं दुकान कसंबसं चालत होतं, पण त्या ऑफिसाची आठवण काही जाईना.

यंदा खंडेनवमीला डिस्पॅचच्या विजयश्रीताईंनी रीतीप्रमाणे सगळ्या यंत्रांची पूजा केली. हौसेला मोल नसतं. माऊसवर पोटापासून चाकापर्यंत ओलं हळदकुंकू. दसऱ्याची सुट्टी संपवून लोक आले, तर पाच माऊस ठप्प. भाडेवाले म्हणाले, चार दिवस लागतील. गेटवर ट्रक खोळंबलेले. ताईंनी कोंडाजीला फोन लावला.

तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. ताई म्हणाल्या, सील तोडा, मी बघून घेते. दुपारच्या जेवणापर्यंत आत गेलेलं हळदकुंकू साफ होऊन पाचही माऊस सुरू झाले. चहा आला, खुर्ची आली. परतताना चाकणच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा गडी खुशीत होता. आता हे काम पुन्हा आपल्याकडे येणार, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाज पडलेला होता. भाडेवाल्यांनी नवे माऊस दिले आणि ते पाचही भंगारात टाकायला नेले होते.

"चालू आहेत म्हणून सांगितलं मी त्यांना," ताई म्हणाल्या. "सील तुटलंय, एवढंच बघितलं त्यांनी. आता बाहेरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही, असं वरून आलंय. आणि पुढच्या वर्षीपासून या भाड्याच्या यंत्रांची पूजाही करायची नाही म्हणे."

कोंडाजीला कामाचं वाईट वाटलंच, पण चालत्या वस्तू भंगारात गेल्या, ते जास्त लागलं.

"ते बराबर हाय, ताई," तो म्हणाला. "पूजा आपल्या वस्तूची करत्यात."