पत्रिकेची कोरी बाजू

लोहकरे सरांची आणि माझी पहिली ओळख शाळेत झाली नाही. ती माझ्या मामाच्या दारात झाली, आणि सर तिथे काहीतरी मागायला आले होते. मामेबहिणीचं लग्न होऊन तीन दिवस झाले होते. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडले होते. सायकल भिंतीला टेकवून एक उंच गृहस्थ दारात उभे राहिले आणि मामीला म्हणाले, "लग्नाच्या पत्रिका उरल्या असतील तर द्याल का, बाई? वाटायच्या राहिलेल्या." मामीने गठ्ठा दिला. सरांनी वरची पत्रिका उलटी केली, मागची कोरी बाजू बोटाने चाचपली आणि गणपती छापलेली बाजू कपाळाला लावून गठ्ठा पिशवीत ठेवला. ते गेल्यावर मामी म्हणाली, "इंग्रजीचे मास्तर हायत. माणूस लय चांगला, पण पत्रिका गोळा करायचं येड हाय."

हे येड काय होतं ते पुढच्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात कळलं. पेडगावहून शिकायला म्हणून मला गंगाखेडला मामाकडे ठेवलं होतं आणि इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर लपून बसायचे. सरांनी खिशातून एक पत्रिका काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकच शब्द आणि खाली त्याचा सगळा गोतावळा लिहिलेला होता. शब्द होता 'बोर्ड'. सरांनी विचारलं, "हा शब्द कुणाला येतो?" कुणाचाच हात वर गेला नाही. "येतो की! एसटीच्या कपाळावर काय लावतात? दहावीला परीक्षा कशाची असते? बाहेरगावची पोरं राहतात ती बोर्डिंग, आणि मी लिहायलोय तो हा काळा बोर्ड. चार अर्थ तुमाला येतात, आणि म्हणता इंग्रजी येत न्हाई!" मग त्यांनी सांगितलं की हा शब्द मुळात साध्या लाकडी फळीचा. फळीचं टेबल झालं, टेबलावर जेवण आलं म्हणून जेवणाखाण्याची सोय ती बोर्डिंग. टेबलाभोवती कारभारी बसले, त्यांनाही लोक बोर्डच म्हणू लागले. मागून एकाने विचारलं, "सर, फळी आधी का माणसं आधी?" सर म्हणाले, "फळी. ती नसती तर त्यांना बसायला जागाच नव्हती." तेव्हा आम्ही नुसते हसलो.

सरांच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे की लेख गोड असावा, प्रसंग शुभ आहे. सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांची शिक्षणसंस्था त्यांचा गौरव करत आहे. मी त्याच संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे कुठे काय बोलू नये हे मला चांगलं कळतं. तरी गोड लिहिणं मला जमणार नाही.

सरांचं काम थोडक्यात सांगते. तीस वर्षं ते रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द गोळा करत होते. मोठे अवघड शब्द नव्हेत. स्प्रिंग, क्रेन, मॅच, बँक, पोरांच्या तोंडात आधीच असलेले. एका शब्दाला इतके अर्थ का, आणि ते आले कुठून, हे एका पत्रिकेवर एक असं ते लिहीत. वसंत ऋतू, जमिनीतून फुटणारा झरा आणि तारेचं वेटोळं ही तिन्ही एकाच उडीची नावं आहेत, हे मी त्यांच्याकडून शिकले. साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उचलणारी क्रेन आम्ही पाहिली होती. ते नाव लांब मानेच्या पक्ष्यावरून पडलंय, हे त्यांनी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी उभं राहून, पाण्यातल्या बगळ्याकडे बोट दाखवून सांगितलं. आणि लगेच म्हणाले, "हा बगळा हाय, क्रेन न्हाई. पण मान समजून घ्या."

अर्धवट माहिती पूर्ण असल्यासारखी सांगायची नाही, हा त्यांचा दंडक. त्याचा अनुभव माझ्या घरालाच आला. नववीत मला शाळेतून काढायचं ठरलं होतं. आमची मेंढरं होती, वडील रान बदलत फिरत होते आणि आईला हाताखाली कुणीतरी हवं होतं. सर एसटीने पेडगावला आले, तिथून विचारत विचारत आमचा तळ असलेल्या रानात पोहोचले. वडिलांनी घोंगडी टाकली. सरांनी शाळेचा विषयच काढला नाही. मेंढरांभोवतीच्या जाळीकडे बघून विचारलं, "याला तुमी काय म्हणता?"

"वाघर."

"जनावरं कोंडायच्या असल्या जागेला इंग्रजीत पेन म्हणतात."

वडील हसले. "मग पोरगी लिहिती ते काय हाय?"

"ते पण पेन. ते पिसावरून आलंय, पूर्वी पिसानं लिहायचे. ह्या मेंढरांच्या पेनाचं मूळ मात्र मला सापडलं न्हाई."

"एवढं शिकून बी तुमाला मालूम न्हाई?"

"न्हाई," सर म्हणाले.

वडिलांनी सरांना दूध दिलं आणि मला सांगितलं, "जा बाई मास्तरासंग. न्हाई म्हणायला लाजत न्हाई, माणूस इमानदार हाय." आज माझ्या नावामागे जी काही अक्षरं आहेत ती त्या एका 'न्हाई'मुळे आहेत. सरांनी हा उपकार आजवर कुणाजवळ उच्चारलेला नाही, म्हणून मी छापून टाकते आहे.

हाच दंडक सरांना नडला. त्यांच्या निरोप समारंभात संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी भाषणात सॅलरी या शब्दाची गोष्ट सांगितली. रोमन शिपायांना म्हणे पगारात मीठ देत, म्हणून पगाराला सॅलरी, आणि आमचे लोहकरे सर कसे खाल्ल्या मिठाला जागले. टाळ्या पडल्या. मग जाहीर झालं की सरांचे सगळे शब्द संस्था पुस्तकरूपाने छापणार. सरांनी दोन पोती भरून पत्रिका तिथेच व्यासपीठावर संस्थेच्या हवाली केल्या. उत्तराला उभे राहिले, आभार मानले, आणि शेवटी म्हणाले, "अध्यक्षांनी सांगितलेल्या शब्दाचं मिठाशी नातं हाय, एवढं खरं. पण शिपायांच्या हातात मीठच ठेवायचे, याला पुरावा मला मिळालेला न्हाई. पोरं ऐकायलीत म्हणून सांगितलं." सभागृह हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. तिथून पुढे सतरा वर्षं पुस्तकाचा विषय कुठल्याच बैठकीत निघाला नाही. सरांनी दोनदा विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की असली पुस्तकं बाजारात मिळतात. मीठ कुणाला झोंबलं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोललं नाही. त्या न बोलणाऱ्यांत मीही होते, माझी नेमणूक तेव्हा नवी होती.

इथवर लिहून थांबले असते तर सगळा दोष संस्थेच्या बोर्डावर ढकलून मी मोकळी झाले असते. पण पुढचं माझं आहे.

मागच्या वर्षी शाळेची तपासणी होती. मी टेबलावर कागद पसरून बसले होते. आमचे लिपिक दारातून म्हणाले, "मॅडम, अडगळीच्या खोलीतून दोन पोते लग्नपत्रिका निघाल्यात. रद्दीवाला उभा हाय. देऊ का?"

मी मान वर न करता म्हटलं, "देवाचं चित्र असतं त्यांवर. रद्दीत नका देऊ. गंगेत सोडून या."

"बरोबर हाय, पाप नको," ते म्हणाले आणि स्वतः जाऊन हात जोडून दोन्ही पोती गोदावरीत सोडून आले. आपल्याकडे सगळेच असं करतात. गणपती छापलेला कागद पायदळी येऊ नये म्हणून पाण्यात सोडतात. मला त्या दिवशी एक चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

सरांच्या पंचाहत्तरीचं ठरलं तेव्हा मीच बैठकीत म्हणाले, आता तरी ते शब्द छापू या. संस्थेच्या कार्यालयात पोती मागायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "ते तर आमी कधीच तुमच्या शाळेत पाठवलेत. हितं जागा न्हवती." मी तिथेच खुर्चीत बसले. सबंध जिल्ह्यात लग्नपत्रिकांची पोती म्हटल्यावर ज्या माणसाने आधी पत्रिका उलटून बघायला हवी होती, ती मी होते. त्या तपासणीच्या दिवशी माझ्या टेबलापासून दहा पावलांवर अडगळीची खोली होती. मी उठले नाही.

सरांना सांगायला गेले तेव्हा ते ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. सरांनी चष्मा काढला.

"दोन्ही पोते?"

"हो, सर."

"तू उठून बघितलं न्हाईस?"

"न्हाई, सर."

त्यांनी पेपरची घडी घातली. सर 'असू दे' म्हणतील अशी आशा मी वाटेत धरली होती. ते म्हणाले नाहीत. काकू सूप घेऊन उठल्या. "घरात पाव्हण्याला बसायला जागा न्हवती त्या पत्रिकांपायी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्यांच्याभोवतीनं झाडलं, एक टाकली न्हाई मी." त्या आत गेल्या. त्या घरातून मी पहिल्यांदा चहा न घेता बाहेर पडले, आणि ते बरोबरच झालं.

महिनाभर माझं तिकडे जायचं धाडस झालं नाही. गेले तेव्हा सर ओसरीवर पाट मांडीवर घेऊन लिहीत होते. कणा कापडाने शिवलेला त्यांचा जुना जाड शब्दकोश शेजारी उघडा होता. हात थरथरतो, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. त्यांनी पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली होती. दिवसाला दोन शब्द होतात, कधी एकच. मला म्हणाले, "बोर्डापर्यंत आलोय. पण पोरांनी वर्गात विचारलेलं आठवत न्हाई. कोशातलं कोशात मिळतं. पोरांचं सगळं त्या पत्रिकांवर व्हतं." मी त्यांना सांगितलं, फळी आधी का माणसं आधी. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी पत्रिका गोळा करते आहे. मिळत नाहीत. आता लग्नाची आमंत्रणं मोबाइलवर येतात, आणि छापतात त्यांच्या मागेही भावकीची नावं असतात. या गौरव सोहळ्याची निमंत्रणपत्रिका छापून आली तेव्हा पहिली मी सरांना नेऊन दिली. चांगला जाड, गुळगुळीत कागद आहे. सरांनी पुढची बाजू वाचलीच नाही. सवयीने उलटी केली. मागे आमच्या सगळ्या बोर्डाचे रंगीत फोटो आहेत, फेटे बांधलेले. सर म्हणाले, "मागं जागाच ठेवली न्हाई," आणि पत्रिका पेपरखाली ठेवून दिली.

सरांच्या खांद्यावर शाल पडेल, हातात श्रीफळ पडेल. मला त्यांच्यासाठी मागायचं आहे ते नुसत्या शंभरीच्या आकड्याचं आयुष्य नाही. त्यांना शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचता येईल इतकी वर्षं हवीत, तोवर त्यांचं मनगट टिकावं आणि नजर शाबूत राहावी. काकूंनी मला पुन्हा कधीतरी चहा विचारावा, हे मागायचा हक्क मला नाही, तरी मागते.

आणि सरांच्या विद्यार्थ्यांनो, एक काम तुमच्याकडे आहे. छापखान्यात स्वतः उभं राहून मी या लेखामागचं पान कोरं ठेवून घेतलं आहे. हा शेवटचा परिच्छेदही तिथेच जोडला आहे, त्यामुळे संपादकांना हे ग्रंथ हातात पडल्यावरच कळेल. ते पान फाडा. सरांनी वर्गात सांगितलेला एखादा शब्द आठवत असेल, त्यावर तुम्ही काय विचारलं होतं ते आठवत असेल, तर त्या पानावर लिहा आणि सरांच्या ओसरीवर नेऊन द्या. काहीच आठवत नसेल, तरी पान नेऊन द्या. त्यांना कोरं चालतं.