चार वेळा मारलेली रेघ

पनवेलजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची प्रमुख आहे. कोणाची रजा, कोणाचं व्याख्यान, कोणाला कुठल्या प्रशिक्षणाला पाठवलं, सगळं मी एका वहीत लिहून ठेवते. त्या वहीमुळे माझ्या विभागात गोंधळ होत नाही, असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत होतं.

गेल्या महिन्यात आमच्या सहायक प्राध्यापिकेची बढतीची फाइल परत आली. शोधनिबंध होते, सेवेची वर्षं भरली होती. नव्हतं ते एकच प्रमाणपत्र, अध्यापनाच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेचं. त्याशिवाय सहयोगी प्राध्यापक होता येत नाही. मी चिडून तिला बोलावलं.

"अगं, इतकी वर्षं काय करत होतीस?"

"मॅडम, नावं विभागातून जातात ना. माझं कधी गेलंच नाही."

"शक्यच नाही," म्हणत मी वही उघडली.

कार्यशाळेसाठी चार वेळा जागा आल्या होत्या. चारही वेळा तिच्या नावावर आडवी रेघ, आणि शेजारी माझ्याच अक्षरात कारण. 'बाळ लहान.' 'लांब नेरे गावाहून येते, दगदग होईल.' पुन्हा 'बाळ लहान.' चौथ्या वेळी कारणसुद्धा नाही, नुसती रेघ.

"मला वाटलं, तुझी ओढाताण नको," एवढंच सुचलं.

"ओढाताण कसली? सासूबाईच मागे लागायच्या, 'तू जा गो, पोराला बघायला मी हाय ना.' मी एकदा विचारायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, बाळाचे हे दिवस परत येत नाहीत."

म्हणाले होते. किती समजून घेतो आपण, असं वाटून त्या दिवशी मी खूशही झाले होते.

तशीच उठून अधिष्ठात्यांकडे गेले. चूक माझी आहे, फाइल रोखू नका, म्हटलं.

"नियम आहे, मॅडम," ते हसून म्हणाले. "आणि चूक कसली यात? बाईची अडचण बाईलाच कळणार. उलट कौतुक आहे तुमचं."

ते कौतुक ऐकून मला खोलीत उभं राहवेना.

परत येऊन वही पुन्हा चाळली. तिच्यानंतर दोन वर्षांनी नोकरीला लागलेल्या सहकाऱ्याला मी पहिल्याच फेरीत पाठवलं होतं. त्याची मुलगी तेव्हा महिन्याची होती. मी त्याच्याकडून बर्फी मागून खाल्ली होती. त्याच्या नावापुढे मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्याची बढती झाली. विभागाच्या बैठकीत तिने त्याला "सर" म्हटलं.

तो ओशाळला. "अगं, सर काय? नेहमीसारखं 'अरे' म्हण की."

"चहाला म्हणेन," ती म्हणाली. सगळे हसले, तीही हसली.

पुढच्या कार्यशाळेला तिचं नाव तिला विचारून पाठवलंय. पण विभागात सहयोगी प्राध्यापकाचं पद एकच होतं, आणि ते आता भरलंय.