सर एकदाच बहुमतात बसले

आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते ज्यांच्यामुळे, ते माझे गाइड. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. बहुमताला इतका घाबरणारा माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत दुसरा नसेल. कुणाला पालीची भीती वाटते, कुणाला लिफ्टची. सरांना आपल्या बाजूने जास्त माणसं असण्याची वाटायची. बेळगावकडच्या मराठी घरात वाढल्यामुळे अल्पसंख्य असणं त्यांच्या अंगात मुरलं होतं, आणि स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात त्यांनी जन्मभर शिकवलंही तेच: युगोस्लाव्हियासारखं अनेक भाषांचं संघराज्य मोडलं, की नव्या देशांत लहान भाषांचं काय होतं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ज्या भांड्याला कुणी हात लावला नसेल त्यातलंच ते वाढून घेत, मग ती एखाद्या अमेरिकन सहकाऱ्याने प्रेमाने बिघडवलेली करी का असेना. विभागाच्या निवडणुकीत ज्याची निवडून यायची सुतराम शक्यता नाही, त्याला मत. एकदा तो चुकून निवडून आला, तर दुसऱ्या दिवशी सर त्याच्या विरोधात. "घरात आम्ही दोघंच," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "तरी हे अल्पसंख्य."

मी किनवटच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला पदवीधर. सेमिनारमध्ये माझं इंग्रजी अडखळलं आणि कुणी हसलं, की सर वर्ग थांबवायचे. "हा तुमच्या भाषेत बोलतोय. आता तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्या भाषेत बोलून दाखवा." मला वाटायचं, हे माझ्यावरचं प्रेम. मग कळलं, माझ्या जागी दुसरा कुणी एकटा असता तर त्याच्यासाठीही ते असेच भांडले असते. तरी मी ते प्रेमच समजत आलो.

त्या गावात तेव्हा सगळ्या भारतीयांची मिळून एक असोसिएशन होती. दिवाळीत कुठल्या भाषेच्या गाण्यांना किती वेळ, यावरून ती फुटली आणि तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी अशी मंडळं झाली. पातेली, स्पीकर, घडीची टेबलं यांची वाटणी कम्युनिटी हॉलमध्ये झाली. सर पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. आयुष्यभर ज्यावर पुस्तकं लिहिली ते संघराज्य अखेर त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मोडत होतं. एवढा आनंद त्यांना मुलीच्या लग्नातही झाला नव्हता, असं काकू म्हणाल्या. मोठ्या पातेल्यासाठी दोन मंडळांत हमरीतुमरी झाली, तेव्हा सर माझ्या कानात म्हणाले, "बघ. नवं राज्य आधी पाट्या बदलतं. मग दाबायला आपल्यातला धाकटा शोधतं."

आणि घरी जाऊन ते तेलुगू मंडळाचे सभासद झाले. तेलुगूचा एक शब्द येत नव्हता, म्हणूनच. पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी अल्पसंख्याकांचा हक्क म्हणून मराठीत निवेदन मागितलं. तिथला सेक्रेटरी बिचारा सज्जन. प्रत्येक घोषणेनंतर सरांकडे वळून, रोमन लिपीत लिहून आणलेलं एकेक वाक्य वाचायचा, "आता लहान मुलांचा नाच." सर एकटे टाळ्या वाजवायचे. मराठी मंडळात मात्र सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच मंडळात मी वार्षिक सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, कॅलेंडरमध्ये चौदा एप्रिल घ्या. आम्ही चार-पाच विद्यार्थी दरवर्षी ती जयंती अपार्टमेंटच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून करायचो. अध्यक्षकाका हसले. "अरे, हे भाषेचं मंडळ आहे. त्यात हे कशाला आणायचं?"

"काका, सत्यनारायण आहे ना कॅलेंडरमध्ये."

"ते कल्चर आहे यार."

पुढच्या सभेत मतदान ठरलं. मी माणसं मोजली. बरोबरी होत होती. एक मत हवं होतं, आणि ते मिळालं नाही तर मी तरी त्या मंडळाची पायरी पुन्हा चढणार नव्हतो. सरांना सांगितलं. "म्हणजे मला आपल्या लोकांत यावं लागेल," ते म्हणाले, दाढ काढायला सांगितल्यासारखं तोंड करून.

मराठी मंडळाची वर्गणी भरून सभेला ते कोट घालून आले. अध्यक्षकाका गहिवरले. "सर, अखेर आपल्या माणसांत आलात."

"हो, त्याचाच त्रास होतोय," सर घाम पुसत म्हणाले. मग उभे राहिले. "मोठ्या घरात आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही वेगळे झालात. पातेली घेऊन आलात. आता तुमच्या घरात हा विचारतोय. याने कुठे जायचं, तेलुगूंकडे? तिथे मी आहे. ते आणखी एक सहन करणार नाहीत."

ठराव एका मताने पास झाला. आकडा ऐकताच आपण बहुमतात आहोत हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. तिथेच कागद मागून त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. एप्रिलमध्ये सर्वांत लांबलचक भाषण अध्यक्षकाकांनी केलं. फोटोतही तेच मधोमध आहेत.

आता मी जर्सी सिटीत राहतो, एका कॉलेजात शिकवतो. सर आणि काकू चँडलरला मुलीकडे असतात. सरांना ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं होत नाही. म्हणून परवा त्यांना हे पत्र पाठवलं:

आदरणीय सर,
सप्रेम जय भीम. यंदा स्टेट कॉलेजच्या मंडळाने मला जयंतीला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. आता त्या कार्यक्रमाला कुणी विरोध करत नाही, त्यामुळे तुम्हाला आवडला नसता. शेवटी गडचिरोलीकडची एक विद्यार्थिनी उठली. म्हणाली, पुढच्या वर्षी मला गोंडीत गायचंय, माझ्या घरच्या भाषेत. नवे अध्यक्ष हसून म्हणाले, अगं, हे मराठीचं मंडळ आहे. मी मतदान घ्यायला लावलं. तिचा हात वर झाला आणि माझा. दोनच. पुढच्या एप्रिलला पुन्हा मागणार आहोत. काकूंनी परवानगी दिली तर याल का? तुम्ही आलात तर आपण तिघं होऊ. तरीही हरूच, त्याची काळजी नसावी.